चुकलो तर शिव्या घाला

आमच्या इमारतीत सगळ्यांच्या गॅलरीत कपडे लटकायचे. पेडणेकरकाकांच्या गॅलरीत वादळं लटकायची. म्हणजे एक काळा रंगवलेला पत्र्याचा डबा आणि डांबर फासलेल्या दोन टोपल्या.

काकांची सगळी नोकरी कोकणातल्या एका लहानशा बंदरावर गेली होती. काम एकच. वेधशाळेची तार आली की खांबावर धोक्याचा बावटा, म्हणजे असलेच काळे डबे-टोपल्या, नंबराप्रमाणे चढवायचा. तो पाहून मच्छीमार होड्या बाहेर काढत नसत. निवृत्त झाल्यावर काका काकूंना घेऊन वाशीला आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. बंदर मागं राहिलं, बावटा सोबत आला. गॅलरीच्या गजाला काठी बांधून त्यांनी त्याचीही सोय लावली.

एक नंबर म्हणजे लांब कुठंतरी गडबड आहे, तीन म्हणजे आवराआवर करा, दहा म्हणजे देवाचं नाव घ्या, एवढं आम्ही सगळेच शिकलो होतो. वादळ नसलं तरी काका बावट्याला गंज चढू देत नसत. नळाला पाणी येणार नसलं की एक नंबर. काकूंच्या माहेरची माणसं येणार असली की तीन. काकू म्हणायच्या, "एकदाचा दहा लावा आणि तुम्हीच घराबाहेर पडा."

खऱ्या वादळाची बातमी रेडिओवर आली की मात्र काकांची थट्टा करायची सोय नसे. दारोदार फिरून ते बजावत. आणि प्रत्येक दारात शेवटचं वाक्य ठरलेलं असे, "चुकलो तर शिव्या घाला. उद्या मी घरीच आहे."

ते बहुतेक वेळा चुकतच. आता यात त्यांचा काय दोष? अरबी समुद्रातली वादळं कोकणाकडे डोळे वटारत येतात आणि ऐनवेळी गुजरातकडे वळतात. दुसऱ्या दिवशी काका आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून, दार सताड उघडं टाकून खुर्चीत बसत. लोक येत, बोलून जात. काकू प्रत्येकाला चहा देत. इतक्या अगत्यानं बोलणी खाणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

त्या वर्षी दिवाळी नुकतीच झाली होती आणि मोठं वादळ कोकण किनाऱ्याकडे निघाल्याचं रेडिओ सांगू लागला. काकांनी सकाळीच तीन नंबर लावला आणि तळमजल्यावर आमच्या दारात येऊन उभे राहिले. उधाणाची भरती आहे, वाऱ्यानं पाणी आत ढकललं तर खाडी थेट तुमच्या स्वयंपाकघरात येईल. प्यायचं पाणी भरून ठेवा. विजेच्या बटणाला ओला हात लावू नका. दलदलीतली जनावरं कोरडी जागा शोधत घरात शिरतील, अंथरूण झटकून घ्या. गच्चीवरचे अँटेना सुटून कोणाच्या तरी डोक्यात जातील, तेव्हा ते मी स्वतः बांधतो. "आणि मोरे, आज कामावर जायचं नाही. चुकलो तर शिव्या घाला."

मी रजा टाकली. तळमजल्यावरच्या चारही घरांचं सामान काकांच्या दोन खोल्यांत चढलं. पेट्या, गाद्या, आमच्या हिचं शिवणयंत्र, फराळाचे डबे. दुपारपर्यंत काकूंना चुलीपाशी जायलाही वाट उरली नाही. काका गच्चीवर दोर घेऊन अँटेना बांधत होते. थोडा वारा सुटला, चार थेंब पडले आणि मग कडकडीत ऊन पडलं. संध्याकाळी रेडिओनं सांगितलं की वादळ गुजरातकडे वळलं. गाद्या खाली आणताना इमारतीत जे बोललं गेलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

दुसऱ्या दिवशी माझी सकाळची पाळी होती. उजाडायच्या आत निघालो, वर ओव्हरटाइम करून दिवेलागणीला परतलो. तेव्हा हिनं हकीगत सांगितली. सकाळपासून काकांकडे रांग लागली होती. सगळ्यांत भारी बोलली ती खाडीकाठच्या गावातली आमची मासेवाली. "कुठं हाय तुजं वादल? काल दीसभर होरी बांधून ठेवली आमी," म्हणत तिनं काकांचा पार उद्धार केला आणि दोन कप चहा पिऊन गेली. कोणीतरी म्हणालं, गेलं गुजरातला, सुटलो. तेव्हा मात्र काका खिन्न झाले. तिकडेही बंदरं आहेत, तिकडेही कोणीतरी खांबाखाली बसला असेल, म्हणाले.

मी काही बोलायला जायचं नाही असं ठरवलं होतं. म्हाताऱ्या माणसाला किती म्हणून बोलायचं? हात-पाय धुतोय तोच दार वाजलं. काका होते. जिना उतरून धाप लागली होती. हातात कॅलेंडरचं फाडलेलं पान, त्याच्या कोऱ्या बाजूवर सगळ्या घरांची नावं आणि नावांपुढे खुणा. फक्त माझ्या नावापुढे खूण नव्हती.

"तुमचं राहिलं," ते म्हणाले.

ही आतून म्हणाली, "दोनदा सांगितलं मी यांना, की हे कामावर गेलेत. ऐकतच नाहीत. जेवलेही नाहीत म्हणे."

मी म्हटलं, काका, चालायचंच, वादळ काय तुमच्या हातात आहे? माझं काही म्हणणं नाही. त्यांचा चेहरा पडला. ते खुर्चीत बसले आणि पानाकडे बघत बोलू लागले.

"आमच्याकडे हरबा म्हणून एका होडीचा तांडेल होता. बावटा चुकला की पहिला तो यायचा. माझ्या सात पिढ्या काढायचा. एका मोसमात तीनदा वादळ वळलं, तीनदा त्याच्या तोंडचं ऐकलं. चौथ्यांदा तार आली. म्हटलं, अर्धा तास थांबू, परत शिव्या नकोत. तेवढ्यात त्याची होडी सुटली. आणि या वेळी वादळ वळलं नाही." त्यांनी पान मांडीवर सरळ केलं. "दुसऱ्या दिवशी सगळे भेटून गेले. हरबा आला नाही. शिव्या घालायला माणूस परत यावा लागतो, मोरे."

मग ते अगदी हळू म्हणाले, "चुकलो ना मी? मग घाला की."

मी घसा साफ केला. तुमच्यामुळे माझी रजा फुकट गेली, म्हटलं. शिवणयंत्राचा पट्टा तुटला, चकल्यांचा भुगा झाला, गाद्या चढवून माझी कंबर धरली. पुन्हा म्हणून तुमचं ऐकणार नाही. आवाज चढवायला गेलो तर तो भलताच ओला यायला लागला. काका मान खाली घालून सगळं ऐकत होते.

माझं संपल्यावर त्यांनी खिशातून पेन्सिल काढली, माझ्या नावापुढे खूण केली आणि पान नीट घडी करून ठेवलं. उठले. दारात पुन्हा वळले.

"पुढच्या वेळी जरा लवकर या," म्हणाले. "सकाळपासून जीव टांगणीला लागला होता."