भोंग्याचं मौन

घरात तिला सगळे भोंगा म्हणत, कारण जन्मल्या जन्मल्या ती जी रडली ती खालच्या तीन मजल्यांना ऐकू गेली, आणि वडिलांच्या मते त्यानंतर तिने आवाज खाली आणलाच नाही. पुढे त्या भोंग्याचं गाणं झालं, म्हणजे ती संगीत विद्यालयात जायला लागली. आणि नेमका फीमाफीच्या परीक्षेच्या तोंडावर तिचा आवाज बसला. परीक्षा सोमवारी. फीमाफी मिळाली तर पुढचं वर्ष फुकट, नाही तर पुढचं वर्षच नाही. वडिलांचा ट्रक गॅरेजात होता, पाय प्लॅस्टरमध्ये होता, आणि आईच्या शिवणकामावर एक तर घर चालत होतं किंवा गाणं.

आवाज बसला तो नोकरीपायी. वॉशिंग मशीन दुरुस्तीच्या दुकानात ती तक्रारीच्या काउंटरवर बसायची. माणसं दारातूनच ओरडत यायची, मागे मशीनं घरघरायची, मग उत्तरही ओरडूनच द्यावं लागे.

गाण्याच्या सरांनी टॉर्च लावून तिचा घसा पाहिला.

"परीक्षेपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही, त्याने घसा जास्त बिघडतो. मी विचारलं तरी बोलायचं नाही. कळलं?"

"हो सर."

"बोललीस."

असे सर. चूक त्यांना क्षणभर सोसत नसे. सूर केसभर हलला की लगेच, "थांब. पुन्हा." गेल्या वर्षी त्यांनी हे भर परीक्षेत, पियानोवर तिची साथ करता करता म्हटलं होतं. भोंगा थांबली ती थांबलीच, आणि फीमाफी गेली. तेव्हा ट्रक चालू होता म्हणून निभावलं.

आई म्हणाली, रजा घे. पण रजेचा पगार कापला जाणार आणि वडिलांची औषधं काही रजेवर जाणार नाहीत. शेवटी भोंग्याने गळ्याला मफलर गुंडाळला आणि ती मुकाट्याने कामावर निघाली. पलंगावरून वडील म्हणाले, "तक्रारीच्या काउंटरवर न बोलणारं माणूस, आणि तेही आपला भोंगा. मीच जातो बाई, एका पायावर."

पहिलं गिऱ्हाईक एक दांडगा गृहस्थ. मशीनने त्याचे पांढरे शर्ट गुलाबी केले होते. तो ओरडला. भोंग्याने डोळे मोठे करून मान डोलावली. तो आणखी ओरडला. तिने आणखी डोलावली. टाळी काही एका हाताने वाजत नाही. तिसऱ्या खेपेला त्याचा आवाज आपोआप उतरला. मग तो म्हणाला की तसं मशीन बरं आहे, लाल मोजे आपणच टाकले होते, आणि घरी हे कुणाला सांगायची सोय नाही. जाताना तो तिचे आभार मानून गेला.

त्याच्या मागची बाई मशीनच्या खडखडाटापासून सुरू झाली आणि सुनेवर येऊन थांबली. दुपारपर्यंत बाहेरचं बाकडं भरलं. इतकी शांतता ऐकून मालक घाबरून मागच्या खोलीतून ग्रीसच्या हातांनी धावत आला. "काय झालं? कोण गेलं?"

"हळू," रांगेतला एक जण म्हणाला. "ती ऐकतेय."

दोन दिवसांत ज्यांच्याकडे मशीनच नव्हतं अशीही माणसं यायला लागली. एकाने तर भावालाच आणलं, कारण बिघाड त्याच्यात होता. मालकाने दुसरं बाकडं टाकलं आणि तो अशी समजूतदार मुलगी उभ्या आयुष्यात पाहिली नाही, असं ज्याला त्याला सांगत सुटला.

शनिवारी दार धाडकन उघडलं आणि सर आत आले. त्यांचं मशीन सकाळीच टेम्पोने दुकानात पोचलं होतं. दार अडकलेलं, आणि पोटात सरांचा परीक्षेला घालायचा कोट.

"तू इथे? बरं झालं. कोट केव्हा मिळेल?"

सवयीने भोंग्याचं तोंड उघडलं.

"बोलू नकोस," सर गरजले. तिने मिटलं. "अगं, पण केव्हा मिळेल?"

तिने गळ्याकडे बोट दाखवलं.

"ते माझ्या लक्षात आहे. केव्हा मिळेल ते सांग."

भोंग्याने दोन बोटं दाखवली.

"दोन काय? तास? दिवस? थांब. पुन्हा."

तिने पुन्हा दोन बोटं दाखवली. बाकड्यावर खसखस पिकली. सर तडक मागच्या खोलीत शिरले. तिथे मशीनं घरघरत होती आणि मालकाला निम्मंच ऐकू जायचं. सर बराच वेळ टिपेला ओरडत राहिले. शेवटी दार उघडायला मालकाने ते मशीन एकदा चालवलं, आणि ते चाललं नेमकं उकळत्या पाण्यावर. बाहेर आलेला कोट शाळकरी पोराच्या मापाचा झाला होता. त्यावर सर काहीतरी म्हणाले असते. पण तोंडातून नुसती हवा आली.

सोमवारी सर तोच कोट घालून पियानोवर बसले. बाह्या कोपरापर्यंत, गळ्याला मफलर. भोंग्याने सूर लावला. इतके दिवस कोंडलेला आवाज असा सुटला की एका परीक्षकाने चष्मा सावरला. दुसऱ्या कडव्यात एक सूर घसरला. पियानोकडून "फुस्स" असा आवाज आला. ओरडावं तर घसा नाही, हात वर करावा तर साथ थांबणार, आणि साथ थांबली तर चूक सरांची. ते नुसते लाल होत गेले. भोंगा पुढे गात राहिली आणि आयुष्यात पहिल्यांदा गाण्याच्या शेवटापर्यंत पोचली. तिथे पोचल्यावर काय करायचं असतं हे ठाऊक नसल्यामुळे ती तशीच उभी राहिली. शेवटी परीक्षकांनीच सांगितलं, "झालं बाळ, जा आता."

संध्याकाळी फीमाफीच्या यादीत तिचं नाव लागलं. सरांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि मग दोन बोटं दाखवली. दुसरं कडवं. पुन्हा.

मंगळवारी भोंगा काउंटरवर खणखणीत आवाजात म्हणाली, "बोला, काय तक्रार आहे?" रांग दचकली. "ही बोलते?" असं म्हणत निम्मे लोक उठून गेले. मालकाने कळवळून तिला पगारवाढ देऊ केली, फक्त तोंड बंद ठेवायचं.

एवढ्यात सरांच्या पत्नी आल्या. डॉक्टरांनी सरांना आठवडाभर बोलायला बंदी केल्याचं त्यांनी सांगितलं. काकूंच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते तेज होतं.

"काकू, मशीन तयार आहे," भोंगा म्हणाली.

काकूंनी ओठांवर बोट ठेवलं आणि त्या काउंटरवर वाकल्या. "मला घाई नाही गं. पुढच्या सोमवारी बंदी उठली की त्यांनाच पाठवते न्यायला. आणि ते आले ना, की सांग, अजून झालं नाही."

भोंग्याने डोळे मोठे करून मान डोलावली.