डावा गुडघा कंट्रोल

मथुरामावशींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या अंगणातल्या बाजेवर बसून उजव्या गुडघ्याला तिळाचं तेल चोळत होत्या. डावा कोरडाच. माझ्यासाठी खोली बघायला आलेल्या बाबांनी भीतभीत विचारलं, "त्या पायाले काही लागलं का बाई?"

"नाई. तो कंट्रोल हाय," मावशी म्हणाल्या.

मावशींनी अकोल्यात कृषी विद्यापीठाच्या शेतावर तीस वर्षं मजुरी केली. तिथे कपाशीच्या नव्या वाणाची शिफारस करायची तर आधी चाचणी घेतात, आणि शेजारचा एक तुकडा तुलनेसाठी होता तसाच ठेवतात. तो कंट्रोल प्लॉट. मावशींचं शेत सुटलं, पण ही पद्धत सुटली नाही. दर रविवारी सकाळी दाराशेजारच्या फळ्यावर त्या खडूनं तीन शिफारशी लिहितात. एक लिहिण्याबद्दल, एक शरीराबद्दल, एक वागण्याबद्दल. तपासल्याशिवाय एकही नाही.

"मोबाइलवर समदे सांगतात, हे करा, ते करा," त्या म्हणतात. "कंट्रोल कोनता होता इचारा. कोनापाशीच नाई."

'राग आल्यास आधी पाणी प्यावे' ही शिफारस त्यांनी दूधवाल्यावर तपासली. सोमवारी आणि बुधवारी पाणी पिऊन भांडल्या, मंगळवारी आणि गुरुवारी तसंच. रविवारी फळ्यावर आलं : 'पाणी प्यायल्याने घसा ओला राहून भांडण लांबते. शिफारस रद्द.' दूधवाल्यानं ते वाचलं आणि मान डोलावली. त्याचाही अनुभव तोच होता.

आम्ही तिघी मुली त्यांच्या भाडेकरू, आणि बऱ्याच चाचण्या आमच्यावरच होत. बाकी दोघी सकाळी दोरीच्या उड्या मारत, मी पायरीवर बसून बघे. त्या दोघी लिहिलेली उत्तरं मोठ्यानं वाचत, मी मनात. प्रत्येक चाचणीत कंट्रोल मीच. एकदा धीर करून विचारलं, "मावशी, मलेच काहून नेहमी?"

"त्या दोघी चोरून करतात व पोरी. कंट्रोल इमानदार पायजे. तीस वर्सांत मी एकही कंट्रोल बिघडू देल्ला नाई."

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच. वर्गात सरांना माझं नावही आठवत नसे. इथे मला पारखून निवडलं होतं. उड्या न मारताही मला त्या दिवशी अभिमान वाटला.

मावशींच्या वहीत एक शिफारस मात्र अशी होती, जी फळ्यावर कधी आली नाही : 'दर रविवारी जवळच्या माणसाला पत्र लिहावे.' पुढे दीड वर्षाच्या सगळ्या रविवारांसमोर एकच शेरा, 'चाचणी सुरू'. कंट्रोलच्या रकान्यात माझं नाव. तसंही मी कुणाला पत्र लिहीत नव्हते.

ती पत्रं शांताबाईंना जायची. तीस वर्षं दोघींनी कपाशीच्या एकाच ओळीच्या दोन बाजूंनी बोंडं मोजली होती. मग शांताबाई मुलाकडे अमरावतीला गेल्या. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून फोनचा उपयोग नव्हता. मावशींच्या पाकिटांवर पत्ता लिहून ती टपालपेटीत मीच टाकायचे.

"उत्तर येते का मावशी?"

"आलं असतं तं फळ्यावर नसतं का लिवलं?" त्या म्हणाल्या, आणि कोरा फळा पुन्हा पुसला.

दिवाळीत मी गावी, भातकुलीला गेले. अमरावती तिथून जवळ. पाकिटांवर लिहून लिहून पत्ता पाठ झाला होता, म्हणून शोधत गेले. शांताबाईंच्या उशाशी सगळी पत्रं आठवड्याच्या क्रमानं सुतळीनं बांधलेली होती. त्यांनी मला उजवा हात दाखवला. त्याची थरथर थांबतच नव्हती.

"पेन धरवत नाई मले. नातू मने, आजी, अंगठा पाठवून दे मोबाइलवर. मथुरीपाशी कुठं तसला मोबाइल हाय?"

मी वही काढली. कंट्रोलनं पत्र लिहायचं नसतं हे मला पक्कं माहीत होतं. तरी पेन उघडलं. मग खुणेनं म्हटलं, "सांगा."

सुट्टी संपवून परत आले तेव्हा मावशी बाजेवर होत्या. मांडीवर टपालानं आलेलं शांताबाईंचं पत्र.

"अक्षर तुयं हाय."

"हो."

"म्हंजे कंट्रोलनं पत्र लिवलं."

"हो, मावशी."

"दीड वर्साचा प्रयोग गेला न व पोरी."

मावशींनी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. एका ओळीवर बोट ठेवून त्या थांबल्या. ती ओळ मला पाठ होती, कारण ती सांगताना शांताबाई रागावल्या होत्या : 'मथुरे, येडी का तू? दोन्ही गुडघ्यांले लाव.'

मावशींनी पत्राची घडी करून वहीत ठेवली. तेलाची बाटली जवळ ओढली, तळहातावर तेल घेतलं, आणि डाव्या गुडघ्याला हळूहळू चोळू लागल्या.