लुगड्यासाठी हलवलेली मान

"जुनं कापड हुडकायला नजर लागते!" पुंडलिकनगरातल्या मंजुषानं नवऱ्याला ठणकावून सांगितलं. "दुकानात मिळतं ते नुसतं कापड. मला आठवणींचं कापड पाहिजे!"

मंजुषा जुन्या कापडाचे तुकडे जोडून भिंतीवर टांगायची चित्रं करायची. तिचं पहिलंवहिलं प्रदर्शन पंधरवड्यावर आलं होतं आणि मधल्या मोठ्या चित्राची जागा अजून रिकामीच होती. नवरा गोकुळ चिकलठाण्याच्या कारखान्यात सुपरवायझर. त्यानं नुकतीच बुलेट घेतली होती, त्यामुळं घरातल्या दुसऱ्या कुठल्याही हौसेला नावं ठेवायची त्याची सोय उरली नव्हती.

तर बाई निघाल्या देवगाव रंगारीला, चुलत सासूबाईंकडं. द्वारकाबाईंनी पेटी उघडली आणि मंजुषा जागच्या जागी खिळली. हिरवंगार इरकली लुगडं! लाल काठ! धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं!

"काकू, हे मला द्या ना!"

"कशाला गं?"

"भिंतीवर लावायला."

"भिंतीला लुगडं नेसवती व्हय? माझ्या सासूचं हाय ते. नाय द्यायची!"

पेटीचं झाकण धाडकन खाली आलं. संपलं प्रदर्शन!

पण म्हातारीच्या डोक्यात भलतंच चक्र फिरत होतं. गावाकडं एखादी बाई जुनं मऊ लुगडं मागत दारात आली, की त्याचा अर्थ एकच. पाळणा हलणार, बाळाला लंगोट्या-दुपटी पाहिजेत! आणि बाई लाजेपायी काहीतरी भलतंच कारण सांगणार. भिंत म्हणे!

द्वारकाबाई कानाशी आल्या. "खरं सांग. काही हाय का?"

मंजुषाचं वय सत्तेचाळीस. मुलगा सत्यम लग्नाला आलेला. पण समोर लुगडं होतं! तिनं जमिनीकडं बघितलं आणि हळूच मान हलवली.

"अगं माझे बाई!" द्वारकाबाईंनी कडाकडा बोटं मोडली. "मग आधी नाय का सांगायचं! पण आज नेऊ नको. ओझं उचलायचं नाय आता. मीच धुऊन, नीट करून आणते."

कलेसाठी एवढं खोटं चालतं, असं मंजुषानं बसमध्ये स्वतःला समजावलं. तिची बस शहरात शिरायच्या आधी बातमी शिरली होती.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात देवगावच्या कडुबानं गोकुळचा हात धरून गदागदा हलवला. "साहेब, या वयात! मानलं तुमाला!"

गोकुळ फुलला. बुलेटचं कुणी कौतुकच केलं नव्हतं अजून! "लई वर्षांची हौस होती रे."

"अन् सत्यम काय म्हणतो?"

"म्हणतो, बाबा, मला कॉलनीत लाज वाटते."

"वाटणारच की! पण बारसं गावाकडंच करा बरं का."

"बुलेटचं कसलं बारसं?"

त्या संध्याकाळी मंजुषानं गोकुळला खरं काय ते सांगितलं आणि लुगडं हातात येईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, अशी शपथ घातली. शेजारणी चिंचा, कैऱ्या आणून देत होत्या आणि मंजुषा मुकाट्यानं खात होती. खरं बोललं की लुगडं गेलं!

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी द्वारकाबाई गाठोडं घेऊन हजर. मंजुषानं घाईघाईनं गाठ सोडली. आत तिकोनी लंगोट्या! हिरव्या, लाल काठाच्या, नाड्यांसकट, ढीगभर!

"गल्लीतल्या समद्या बाया बसल्या शिवायला," द्वारकाबाई कौतुकानं म्हणाल्या. "एक चिंधी वाया नाय गेली!"

मंजुषानं भोकाडच पसरलं. रडता रडता सगळं कबूलही करून टाकलं. द्वारकाबाई शांतपणे पाणी प्यायल्या.

"तुला टांगायचंच व्हतं ना? मग दोरी बांध अन् टांग!"

दुसरा इलाजच नव्हता. दालनाच्या मधोमध दोरी बांधली, लंगोट्या लागल्या. आणि काय सांगावं! लोक "वा! वा!" करायला लागले. एक दाढीवाले गृहस्थ तर मान तिरकी करून अर्धा तास उभे राहिले आणि म्हणाले, "मला हे विकत पाहिजे."

मंजुषाचे पाय जमिनीवर राहिनात. तेवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवरून द्वारकाबाई उठल्या आणि दोरीवरच्या लंगोट्या भराभर काढायला लागल्या.

"इकायच्या नायत!"

"काकू, अहो पण बाळ नाहीये! सांगितलं ना मी!"

"नाय तर नाय. सामान तर तयार हाय ना?" द्वारकाबाई भर दालनात गरजल्या. "आता तुमी दोघं तेवढं मनावर घ्या!"

सगळी माणसं गोकुळकडं वळली. बुलेटला कुलूप लावलंय का, ते बघून येतो म्हणून तो बाहेर गेला, तो प्रदर्शन संपेपर्यंत काही आला नाही.