जुनी काढली, नवी बसवली

यंत्राला घाबरतो तो माणूसच नव्हे! चौसाळ्याच्या शाळेत सोळा वर्षं विज्ञान शिकवतोय मी. मिक्सर, पंखा, शाळेची घंटा, सगळं मीच दुरुस्त केलंय. (घंटेत दुरुस्त करण्यासारखं काय असतं, ते विचारू नका.) तेव्हा सासऱ्यांच्या मोटारसायकलचं इंजिन आपण एका रविवारात बांधू, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

सासरे म्हणजे आष्टीचे अर्जुनराव. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून महिनाभर गाडी माझ्याकडे ठेवली होती. माझी बायको मोहिनी जन्मली त्या साली घेतलेली ही गाडी ते स्वतःच्या उपरण्याने पुसतात! जाताना एवढंच म्हणाले, "पाव्हनं, रोज एक किक मारा. बाकी हात लावू नका." सोमवारी ते गाडी न्यायला येणार होते. पण गाडी निळा धूर सोडत होती, म्हणजे आत ऑइल जळत होतं. म्हटलं, पिस्टनच्या रिंगा बदलून ठेवू, मामा खूश होतील.

नऊ वाजेपर्यंत इंजिन मोहिनीच्या परातीत होतं. जुन्या रिंगा उकिरड्यावर फेकल्या आणि नवी एक मोजायला सिलेंडरमध्ये घातली. रिंग म्हणजे एका जागी तुटलेलं कडं. त्या दोन टोकांत साधारण तीन केसांएवढी फट लागते. कमी पडली तर रिंग तापून फुगते, टोकं भिडतात आणि इंजिन जाम! म्हणून टोक कानशीने घासायचं. पण जास्त घासलं की संपलं, घासलेलं लोखंड परत येत नाही. हे डोक्यात शिरलं आणि तळहाताला घाम फुटला.

फट मोजायला एक पोलादी पत्ती असते.

"अगं, पत्ती कुठंय?" मी ओरडलो.

"संपली! सकाळीच म्हनले व्हते, आना म्हनून!"

ती चहाची म्हणत होती. माझी पत्ती माझ्याच खिशात निघाली.

फट भरली जेमतेम एक केस! बीडच्या भागवत मेकॅनिकला फोन करायला मी परातीसकट अंगणात गेलो, कारण आमच्याकडे रेंज फक्त शेजारच्या सावित्रीकाकूंच्या भिंतीपाशी येते. काकू मोहिनीच्या माहेरच्या, आष्टीच्याच. त्या भिंतीपलीकडे मेथी निवडत बसल्यात, हे मला काय ठाऊक!

"भागवत, जुनी काढली रे!" मी ओरडून सांगितलं. "ढिली झालती, कामाची राहिली नव्हती! हो, नवी आणलीय ना बीडहून! जरा टाईट हाय, बसेल हळूहळू. मोहिनी? ती आत स्वयंपाक करतेय, तिला काय कळतंय! मामांना कळायच्या आत उरकायचं बघ!"

"सर, हलक्या हातानं," भागवत म्हणाला. "दोन घासे मारा, मोजा. परत दोन मारा, मोजा."

मी तिथंच भिंतीला टेकून, श्वास धरून घासायला लागलो. फट अडीच केसांवर आली, आणि मेव्हण्याचा, लखनचा फोन वाजला! फोन खांद्यात दाबला आणि घासतच बोललो.

"दाजी, दादाला कळलंय."

दादा म्हणजे मामाच; पोरं बापाला दादा म्हणतात. "कुणी सांगितलं?"

"ते ऱ्हाऊ द्या. जुनी काढली का न्हाई?"

"काढली."

"आन नवी?"

"हितंच हाय, माझ्यापाशी."

लखन हुंदका दिल्यासारखा बोलला, "दादा म्हनतेत, अजून येळ गेली न्हाई. जुनीच ठिवा."

"आता कसं जमेल? जुनी उकिरड्यावर टाकली!"

"आमी निगालो!"

फोन बंद झाला, पण भीतीने हात चालूच राहिला होता. मोजलं तर फट दहा केसांची! पळून जावं असंही वाटलं, पण जाणार कशावर? गाडी तर खोललेली!

साडेबाराला जीप दारात. काळा चष्मा लावलेले अर्जुनराव उतरले, मागे लखन. मोहिनीचा फोन लागत नव्हता, म्हणून दोघांचेही चेहरे उतरलेले.

"मोहिने!" त्यांनी हाक मारली. मोहिनी पिठाच्या हातांनी बाहेर आली. तिला बघून त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळले. "कुटंय ती नवी?"

मी तळहात पुढे केला. "ही."

"ही काय हाय?"

"रिंग. इंजिनाची. जुनी काढली आणि..."

"इंजनाची रिंग!" अर्जुनराव मटकन ओट्यावर बसले आणि पोट धरून हसायला लागले. "सावित्रीनं फोन केला, जावयानं जुनी काढली, बीडहून नवी आनली! आमी म्हनलं, दुसरी बायको आनली!" लखन हसला, मोहिनी हसली, भिंतीपलीकडे काकूही हसल्या. मीसुद्धा हसलो. जिवात जीव आला माझ्या!

"पन पाव्हनं," अर्जुनराव डोळे पुसत म्हणाले, "कुनाच्या गाडीची रिंग?"

मी परात मागे सरकवली. त्यांनी काळा चष्मा काढला, परातीत पाहिलं आणि आपलं इंजिन ओळखलं.

"मोहिने, पिशवी भर."

"कावून दादा? दुसरी न्हाई ना आनली त्येंनी!"

"दुसरी आनली असती, तर चार मान्सं बसवून मिटवलं असतं! हे कसं मिटवू?"

आज अकरावा दिवस. भागवत म्हणतो, एवढ्या जुन्या गाडीच्या रिंगांचा तो बीडमधला शेवटचा जोड होता. गाडी चालू झाल्याशिवाय पोरगी पाठवणार नाही, असा आष्टीचा निरोप आहे. मोहिनीचा रोज फोन येतो. "जेवलात का?" असं ती विचारत नाही. "धूर निघाला का?" एवढंच विचारते.

नाही निघत हो! निळासुद्धा नाही!