कल्लाप्पा डॉक्टरांचे तीन शब्द

लग्नात नवरानवरीला आशीर्वाद द्यायला लोक रांग लावतात. कल्लाप्पा डॉक्टर रांगेतून पुढे सरकत, नवऱ्या मुलाच्या कानाशी वाकत आणि म्हणत, "कोयता, पेरू, बादली. ध्यानात ठेवा. जेवून येतो." आणि जेवून खरोखर परत येत. हातकणंगल्याच्या एका लग्नात नवऱ्याला पेरूशिवाय काही आठवेना. "तिनातला एकच," डॉक्टर हळहळले आणि चपला शोधायला गेले. इकडे मुलीचे वडील घामाघूम होऊन माझ्याकडे आले.

"मास्तर, खरं सांगा. जावयात काय खोट हाय काय?"

मी समजावलं, की हे मेंदूचे डॉक्टर आहेत. माणूस विसरतो कसा, हे परदेशात शिकून आलेत. भेटेल त्याची परीक्षा घेतल्याशिवाय त्यांना जेवण पचत नाही.

डॉक्टरांना जाऊन वर्ष झालं. एवढं लिहायलाही मला ते सगळं वर्ष लागलं.

नव्वदच्या दशकात आमच्याकडे म्हातारं माणूस विसरायला लागलं की घरचे म्हणत, म्हातारचळ लागला. तो शब्द कानावर आला की डॉक्टर भर दवाखान्यात ओरडत, "चळ न्हाय, आजार हाय! पाय मोडला तर चळ म्हंता का?" दर शनिवारी ते शिकाऊ डॉक्टरांना हा आजार ओळखायला शिकवत. अडचण प्रश्नपत्रिकेची होती. ती परदेशातून आलेली. तिच्यात गेंड्याचं चित्र ओळखायचं होतं. "गेंडा वळखला न्हाय म्हणून गडमुडशिंगीत आजवर कुणाचं काय अडलंय?" असं म्हणून त्यांनी इथली प्रश्नपत्रिका करायला घेतली आणि मराठीचा मास्तर म्हणून मला धरलं. तीन वर्षं माझे शनिवार त्यात गेले.

एक प्रश्न असा होता: एका मिनिटात जितकी जनावरं आठवतील तितकी सांगा. गडमुडशिंगीचे एक आजोबा समोर बसले होते. "मुऱ्हा," त्यांनी सुरुवात केली. "मेहसाणा. जाफराबादी. पंढरपुरी. आमची वाकड्या शिंगाची. खालच्या गल्लीतली लाथ मारणारी. मेव्हण्याची आटलेली." मिनिट संपलं.

शिकाऊ डॉक्टरने लिहिलं, एक मार्क.

"एक?" डॉक्टर म्हणाले.

"सर, सगळ्या म्हशीच आहेत."

"त्यांनी सात जनावरं सांगितली, तुला एकच दिसलं. आजोबांना सात. तुझा एक कापला." मग माझ्याकडे वळून, "मास्तर, कोल्हापुरात राहून म्हशी म्हंजे एकच जनावर म्हणणाऱ्याची तपासणी करायला पायजे."

पण भलते उदार नव्हते ते. चुकलं ते चुकलं. वाढीव अर्धा मार्क त्यांच्याकडून कुणाला मिळाला नाही, आमदाराच्या वडिलांनाही नाही.

आमचं भांडण झालं ते शेवटच्या प्रश्नावरून. जवळचं माणूस दाखवून विचारायचं, हे कोण? त्याला डॉक्टरांनी पाच मार्क ठेवले. मी म्हणालो, हे जास्त होतात. "आजचा वार सांगाय चुकला तरी माणूस जगतंय, मास्तर," ते म्हणाले. "आपलं माणूस वळखाय पायजे. पाचच राहतील." मी नाद सोडला.

दवाखान्याच्या आधी ते रोज उचगावला जाऊन येत. दुधासाठी, असं सांगत. एका रविवारी मला बरोबर घेतलं. "तिथं एक बाई हायत. प्रश्न तुम्ही विचारा. मी मागं बसतो." गाडीतच मला ध्यानात ठेवायला नेहमीसारखे तीन शब्द दिले: सुई, चिंच, कंदील.

म्हातारी पडवीत शेंगा फोडत बसली होती. "या पावणं," तिने दोघांनाही म्हटलं. "हे मास्तर हायत," डॉक्टरांनी माझी ओळख करून दिली.

मी विचारलं, "आज वार कुठला?"

"तुमास्नी ठावं न्हाय? मग मास्तर कशाला झालाय?"

"बरं, जनावरं सांगा."

"कोंबडी." चार-पाच शेंगा फोडून झाल्या. मग मला खालीवर बघून म्हणाली, "आन तुमी."

"दोन धरा," मागून आवाज आला.

शेवटी मी डॉक्टरांकडे हात केला. "हे कोण?" मागे डॉक्टरांनी फोटोला बसल्यासारखे केस सारखे केले.

म्हातारीने त्यांना नीट निरखलं. "पावणं हायत. रोज येत्यात." मग त्यांनाच विचारलं, "तुमी कुठलं म्हनायचं?"

"हितलंच."

"घरात कोण कोण हाय?"

"थोरली अक्का हाय. आई गेल्यावर तिनंच वाढवलं मला."

"बघता न्हवं तिच्याकडं?"

"तीच बघती माझ्याकडं."

म्हातारीला ते पटलं. तिने मूठभर शेंगदाणे त्यांच्या हातात ठेवले. "तिला न्या. दात नसलं तर कूट करून घाला."

पाच मार्कांच्या चौकटीवर माझं पेन अडलं होतं.

"शून्य," डॉक्टर म्हणाले. "चुकलंय. लिहा."

मी लिहिलं.

परतताना ते एका हातानेच गाडी चालवत होते. दुसरी मूठ मिटलेली होती. कोल्हापूर जवळ आल्यावर सवयीने म्हणाले, "मास्तर, तीन शब्द."

मला सुई आठवली. पुढचं काही केल्या आठवेना.

"ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. इतक्या वर्षांत तेवढ्या एका दिवशी त्यांनी माझे मार्क कापले नाहीत.