पर्याय क्रमांक तीन

रुग्णालयाच्या दारावर 'निवड तुमची, सेवा आमची' ही पाटी रंगवताना, 'सेवा'ची मात्रा काढता काढता मी शिडीवरून पडलो आणि उजव्या बाजूचं कॉलरबोनचं हाड मोडलं. रुग्णालय चार पावलांवर, म्हणून स्वतःला नशीबवान समजलो. माणूस पडला की अक्कलही जरा हलते.

डॉक्टरांनी एक्स-रे उजेडाकडे धरला. "तीन पर्याय आहेत. एक, हात झोळीत बांधून हाड जुळू देणं. दोन, शस्त्रक्रिया करून धातूची पट्टी बसवणं. तीन, काहीच न करणं."

"डॉक्टरसाहेब, मी पेंटर. हात खांद्याच्या वर गेला नाही तर उपाशी मरेन. तुम्ही सांगाल ते करू."

"आम्ही सांगत नाही. सल्ल्याने निवडीवर दबाव येतो. फॉर्म भरा."

फॉर्म बावीस पानी. डाव्या हाताने सही केली, ती खिडकीतल्या बाईंनी परत केली. "ओळखपत्राशी जुळत नाही."

"अहो बाई, उजवा हातच उचलवत नाही!"

"मग तसा डॉक्टरांचा दाखला आणा."

उपचार सुरू झाल्याशिवाय दाखला मिळत नाही, असं डॉक्टर म्हणाले. सहीशिवाय उपचार सुरू होत नाहीत, असं बाई म्हणाल्या. बायकोचा संयम सुटला. ती स्वतःच्या स्कार्फने माझा हात बांधायला लागली, तसा शिपाई धावत आला. "ताई, सोडा! पर्याय एक अजून मंजूर नाही!"

सहा आठवडे हेलपाटे घातले. शेवटी हाडच कंटाळलं आणि आपलं आपण जुळलं, वाकडं. हात छातीपर्यंत येतो, पुढे नाही. नोंद झाली : 'रुग्णाने पर्याय तीन निवडला. उपचार यशस्वी.'

"आम्ही कधी निवडला?" बायको कडाडली.

"काही केलं नाहीत ना? मग तोच तिसरा," बाई शांतपणे म्हणाल्या.

आता मी भिंतींचे खालचे पट्टे तेवढे रंगवतो. वरच्या पाट्या दुसराच कोणी रंगवतो.

मग रुग्ण-समाधान सभेचं बोलावणं आलं. सभागृहात आम्ही सगळे खांदेवाले, सगळे पर्याय तीनचे. अध्यक्ष म्हणाले, "तक्रार असेल त्यांनी उजवा हात डोक्याच्या वर करावा."

एकाही रुग्णाचा हात वर गेला नाही. बायकोने केला, पण नातेवाइकांना मत नव्हतं.

"एकमताने समाधानी!" अध्यक्ष म्हणाले. टाळ्या मात्र कडकडून वाजल्या. टाळीला हात छातीपर्यंतच लागतो.

हसताय काय? तुमचे तर दोन्ही खांदे धडधाकट आहेत. तुमच्या मागच्या सभेत तुमचा हात कुठवर गेला होता?