डोळे मिटण्याचा विमा

"आणि वाजवताना चोरली तर?"

काचेच्या पार्टिशनपलीकडून हा प्रश्न आला आणि टाइप करता करता माझी बोटं थांबली. माझ्या मामांच्या विमा एजन्सीत मी कॉम्प्युटरवर बसते. बोलायचं काम मामांचं, टाइप करायचं माझं. दोघांनाही ते सोयीचं पडतं.

"अण्णा," मामा म्हणाले, "वाजवताना पेटीवर तुमचेच दोन्ही हात असणार. चोर हात घालणार कुठून?"

"रिस्क नको की."

व्यंकटअण्णा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. आयुष्यभर त्यांनी चादरीच्या मागावर काम केलं. आता दर शनिवारी मारुतीच्या देवळात भजनाला पेटी वाजवतात. 'रिस्क नको की' हे त्यांचं पालुपद. तापवलेलं दूध ते पुन्हा तापवतात. सिटीबस चुकू नये म्हणून आधीच्या बसच्या वेळेला स्टॉपवर जाऊन उभे राहतात, आणि ती आधीची बस आली तर सोडून देतात, कारण ती आपली नव्हे. मी टाय लावून शाळेत जायचे तेव्हापासून ते मला 'मिस' म्हणतात. "मिस, एवढं वाचा की" म्हणत औषधाची बाटली पुढे करतात. मी वाचते. त्यापलीकडे आमचं बोलणं फारसं नाही.

पेटीच्या बाबतीत मात्र कहर आहे. तिच्या कडीतून सायकलची साखळी ओवून ते ती आपल्या घोट्याला बांधतात, कुलूप लावतात आणि किल्ली करदोट्याला अडकवतात. एकदा भजनाच्या मध्येच नगरसेवक आले. सगळे उठले, अण्णाही उठले, आणि त्यांच्यामागून पेटी निघाली. जाता जाता तिने तबलजीचा चहा सांडला. नगरसेवकांना ही स्वागताची नवी पद्धत वाटली असावी. त्यांनी पेटीलाही नमस्कार केला.

चोर रात्री येतो ही अण्णांच्या मते अफवा आहे. एकदा जिन्यात थांबवून त्यांनी मला समजावलं होतं, "चोर टाळ्यांच्या टायमाला येतो, मिस. सगळ्यांचं हात गुंतलेलं. धरणार कोण त्याला?" आणि भजनात टाळ्या थांबतात कधी? म्हणून कुणी शाल पांघरून आलं की अण्णा तिचा घेर आधी नजरेने मोजून घेतात. पेटी आत मावेल इतकी असली, तर त्या गृहस्थांना पंख्याखाली बसवून शाल काढायला लावतात.

त्या दिवशी मामांनी त्यांच्यासाठी खरोखरच एक पॉलिसी शोधून काढली. कार्यक्रम चालू असताना चोरी झाली तरी भरपाई. फक्त एक अट होती. ती इंग्रजीत होती म्हणून मामांनी मला आत बोलावलं. मी वाचून सांगितलं, की मालकाने किंवा मालकाच्या माणसाने वाद्यावर सतत नजर ठेवलेली असली पाहिजे.

"झालं तर मग," मामा म्हणाले. "तुम्ही पेटीला बांधलेलेच असता."

अण्णांनी करदोट्याची किल्ली चाचपली. मग म्हणाले, "पण वाजवताना माझं डोळं मिटतात ओ."

मागावर त्यांना कधी डोळे मिटता आले नाहीत. धागा कधी तुटेल याचा नेम नसायचा. पेटीवरच काय ते मिटायचे. तेव्हा राजम्मा, त्यांच्या पत्नी, पुढे खांबाला टेकून बसायच्या. मांडीवर पेटीची कापडी गवसणी, गवसणीवर विड्यांचं सूप. हात विड्या वळायचे आणि डोळे पेटीवर. मला वाटायचं, त्यांना गाण्याची केवढी आवड आहे.

"तिला गाण्यातलं काय बी कळायचं न्हाय," अण्णा म्हणाले. "पेटी राखाय यायची."

गेल्या वर्षी राजम्मा गेल्या. त्यानंतर साखळी आली, पण साखळीने डोळे मिटेनात. उघड्या डोळ्यांनी वाजवायचं म्हणजे सूर चुकायला लागले. भजनी मंडळाने तर सांगूनच टाकलं होतं, की या शनिवारीही असंच झालं तर पुढच्या वेळी दुसरा पेटीवाला.

"कंपनीचा माणूस बसंल का समोर?" त्यांनी मामांना विचारलं.

मामा हसले नाहीत. कंपनी पैसे देते, माणूस देत नाही, असं त्यांनी सांगितलं.

"मग ऱ्हाऊ द्या की," म्हणत अण्णा उठले.

शनिवारी मी देवळात गेले. का, ते घरी सांगितलं नाही. कुठेही गेले तरी मी मागची, भिंतीलगतची जागा बघते. त्या दिवशी चपला काढल्या आणि सरळ पुढे जाऊन त्या खांबाशी बसले. अण्णांनी मला पाहिलं. साखळीला कुलूप लावून झाल्यावर त्यांनी गवसणीची घडी घातली, ती जरा वेळ हातातच धरली आणि मग माझ्याकडे सरकवली. मी ती मांडीवर घेतली. तिला अजून तंबाखूचा वास होता.

भजन सुरू झालं. अण्णांचे डोळे उघडेच. एकदा पेटीवर, एकदा दारावर, एकदा कुणा शालवाल्या आजोबांवर. दुसऱ्याच ओळीला बोट घसरलं. पुढे गाणाऱ्या बुवांनी वळून पाहिलं. पुन्हा घसरलं, तेव्हा बुवांनी हात वर करून भजन थांबवलं. टाळ थांबले, टाळ्या थांबल्या. इतक्या माणसांच्या इतक्या शांततेत मी तोवर कधी तोंड उघडलेलं नव्हतं.

"अण्णा, डोळे मिटा," मी म्हणाले. "मी बघतेय."